घोड्याच्या पाठीवरचे गणित

मुंबईत साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्यात पावसाळा सुरू झाल्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम चालतो. या काळात शर्यतीच्या दिवशी सकाळी काही वर्तमानपत्रांत एक छोटी चौकट छापून येते, तिच्यात प्रत्येक शर्यतीपुढे पहिल्या दोन-तीन क्रमांकांवर येऊ शकणाऱ्या घोड्यांची नावे दिलेली असतात आणि त्यांपैकी एका नावापुढे दिवसाची सर्वांत भरवशाची निवड म्हणून खूण केलेली असते. रेसचा नाद नसलेल्या वाचकाला ही चौकट राशिभविष्याची सख्खी बहीण वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे आकडेमोड, निरीक्षण आणि तर्क यांची बरीच मोठी मांडणी असते, आणि घोड्यांच्या शर्यतीवरील पैज हा प्रामुख्याने कौशल्याचा प्रकार आहे, निव्वळ नशिबाचा नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात दिला, त्याचा आधारही घोड्याची जात, शिक्षण, जॉकीचे कसब आणि मागील कामगिरी यांचा अभ्यास करता येतो, हाच होता.

हा अभ्यास कोणाविरुद्ध करायचा असतो, हे समजल्याशिवाय त्याचे स्वरूप उलगडत नाही. महालक्ष्मीचे १८८३ सालचे मैदान आणि त्याहून जुने पुण्याच्या लष्कर भागातील मैदान, या दोन्ही ठिकाणी रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब शर्यती भरवतो, आणि तेथे होणाऱ्या बहुतेक शर्यती 'हँडिकॅप' स्वरूपाच्या असतात. हँडिकॅप म्हणजे उजव्या घोड्याच्या पाठीवर जास्त आणि डाव्या घोड्याच्या पाठीवर कमी वजन देऊन सर्वांना जिंकण्याची सारखी संधी मिळावी, अशी केलेली योजना. हे वजन ठरवणारा क्लबचा अधिकारी म्हणजे हँडिकॅपर. सगळे घोडे एकाच वेळी विजयरेषेवर पोहोचावेत, हे त्याचे आदर्श चित्र असते आणि ते चित्र नेमके कोठे फसले आहे, हे शोधणे हे अंदाज लिहिणाऱ्याचे काम असते. तेव्हा एकाच माहितीचे हे दोन वाचक परस्परांशी बुद्धिबळ खेळत असतात, असे म्हणावयास हरकत नाही.

हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीनुसार गुण देतो, त्यांना रेटिंग म्हणतात, आणि या रेटिंगनुसार घोड्यांचे वर्ग पडतात. उदाहरणार्थ, चौथ्या वर्गात २० ते ४६ आणि तिसऱ्या वर्गात ४० ते ६६ रेटिंगचे घोडे धावतात. रेटिंगमधील एका गुणाचा फरक म्हणजे पाठीवरील अर्ध्या किलोचा फरक, असे सूत्र आहे. ठरवून दिलेल्या वजनात जॉकी, त्याचे खोगीर आणि संबंधित साहित्य यांचा समावेश होतो, तरीही वजन कमी भरल्यास उरलेला भाग शिशाच्या पट्ट्यांनी भरून काढला जातो. शर्यत संपल्यावर जॉकी खोगिरासह पुन्हा तराजूवर उभा राहतो, आणि त्याचे वजन बरोबर भरल्याखेरीज निकाल पक्का होत नाही.

या सूत्राचा उपयोग कसा होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. चौथ्या वर्गातील १६०० मीटरच्या शर्यतीत ४० रेटिंगचा पहिला घोडा ५९ किलो घेऊन धावला आणि त्याने ३२ रेटिंगच्या, ५५ किलो घेतलेल्या दुसऱ्या घोड्याला दोन लेंथने हरवले, असे समजू. लेंथ म्हणजे घोड्याच्या शरीराची लांबी, सुमारे २.४ मीटर, आणि ऐन वेगात असलेला घोडा एका सेकंदात अशा सहा-सात लांबी कापतो. विजयानंतर हँडिकॅपरने पहिल्या घोड्याचे रेटिंग सहाने वाढवून ४६ केले व दुसऱ्याचे तसेच ठेवले, तर पुढच्या भेटीत पहिल्याच्या पाठीवर ६२ आणि दुसऱ्याच्या पाठीवर ५५ किलो येतील, म्हणजे पूर्वी चार किलोंचे असलेले अंतर आता सात किलोंचे होईल. १६०० मीटरच्या अंतराला एक लेंथ म्हणजे सुमारे एक किलो आणि १००० मीटरला सुमारे दीड किलो, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. तो लावला तर वाढलेले तीन किलो तीन लेंथचे ठरतात आणि मागच्या वेळी दोन लेंथने हरलेला घोडा या वेळी कागदावर एका लेंथने पुढे निघतो.

परंतु कागदावरचा हा निष्कर्ष अंतिम मानणारा माणूस फार काळ टिकत नाही. पहिल्या घोड्याने ते दोन लेंथ कसे मिळवले, शेवटच्या २०० मीटरमध्ये जॉकीने चाबूक उचलला होता की लगाम सैल सोडून तो स्वस्थ बसला होता, हे पाहणे भाग असते, कारण सहज जिंकलेल्या घोड्याने आपली सगळी ताकद दाखवलेलीच नसते आणि हँडिकॅपरला दिसले तेवढ्यावरच गुण द्यावे लागतात. हरलेल्या घोड्याबाबतही हाच न्याय लागू होतो. शर्यत सुटताना दरवाजा उघडल्यावर मागे राहिलेला, वळणावर इतरांच्या कोंडीत सापडलेला किंवा सर्वांत बाहेरच्या बाजूने जादा अंतर धावलेला घोडा सहावा आला, तरी त्याचा सहावा क्रमांक त्याच्या योग्यतेचे माप ठरत नाही. म्हणूनच जुन्या शर्यतींची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहणे हा या व्यवसायातील सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत फायद्याचा भाग मानला जातो.

यानंतर विचार येतो तो अंतर आणि जमीन यांचा. हजार मीटरला वाऱ्यासारखा सुटणारा घोडा दोन हजार मीटरला दमतो, आणि इंडियन डर्बीसारख्या २४०० मीटरच्या शर्यतीत किंवा पुण्यात होणाऱ्या २८०० मीटरच्या इंडियन सेंट लेजरमध्ये रक्तातला दमसास, म्हणजे आई-बापांची वंशावळ, महत्त्वाची ठरते, कारण इतके अंतर यापूर्वी धावलेले घोडे फारसे नसतातच. जमिनीचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला असल्याने हिरवळ अनेकदा ओली आणि पाय रुतणारी असते, मुंबईत मात्र हिवाळ्यातील कोरडी, तुलनेने कठीण जमीन मिळते. ही अवस्था पेनेट्रोमीटर नावाच्या उपकरणाने, म्हणजे ठरावीक वजन सोडल्यावर त्याचा दांडा जमिनीत किती शिरतो यावरून, मोजली जाते आणि तिचा आकडा जाहीर केला जातो. पुण्याच्या चिखलात पराक्रम गाजवलेला घोडा घाट उतरून महालक्ष्मीला आला म्हणजे तो तसाच धावेल असे गृहीत धरता येत नाही, आणि सप्टेंबरात निष्प्रभ वाटलेला एखादा घोडा डिसेंबरात अचानक खुलतो, यात गूढ काही नसते.

ज्या माहितीवर भारतातील अंदाज लिहिणारे विशेष भिस्त ठेवतात, ती म्हणजे पहाटेच्या सरावाची नोंद. शर्यतीच्या आधीच्या दिवसांत उजाडताच घोडे मैदानावर आणले जातात, आणि कठड्याशी उभे राहून हातातील घड्याळावर त्यांची वेळ टिपणारे लोक त्या नोंदी वर्तमानपत्रांना व रेसबुकांना पुरवतात. ६०० मीटर, ३८ सेकंद, सहज, अशी एखादी नोंद असते. तिच्यातील आकड्याइतकाच 'सहज' हा शब्द मोलाचा असतो, कारण ३६ सेकंदांची वेळ जॉकीने हात चालवून काढली असेल, तर ३८ सेकंदांची सहज वेळ तिच्याहून सरस ठरू शकते. धाव वाळूच्या मार्गावर होती की हिरवळीवर, पाठीवर हलका जॉकी होता की पागेतला वजनदार स्वार, सोबत धावणारा घोडा कोणत्या वर्गाचा होता, हे सारे विचारात घेतल्याशिवाय तो आकडा बोलत नाही. त्यातच काही घोडे सकाळी आळशी आणि दुपारी शूर असतात, तर काहींचा सगळा पराक्रम सकाळीच संपतो. प्रशिक्षकालाही आपला घोडा तयार आहे, हे जगाला कळावे असे दर वेळी वाटतेच असे नाही.

माणसांकडून मिळणाऱ्या खुणाही अशाच वाचाव्या लागतात. एकाच प्रशिक्षकाचे दोन घोडे एका शर्यतीत असतील, तर पागेच्या मुख्य जॉकीने कोणता निवडला, हे आधी पाहिले जाते. शिकाऊ जॉकीला अनुभवाच्या अभावाची भरपाई म्हणून वजनात काही किलोंची सूट मिळते, आणि वरच्या वजनाच्या घोड्यावर असा होतकरू मुलगा बसवला असेल, तर प्रशिक्षकाने हँडिकॅपरची चाल परतवली, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. घोड्याला प्रथमच झापडे लावली असतील, तर इकडेतिकडे पाहण्याची त्याची सवय मोडून लक्ष समोर ठेवण्याचा तो प्रयत्न असतो. शेवटी शर्यतीचा वेग कसा राहील, याचा अंदाज बांधावा लागतो. सुरुवातीपासून पुढे राहणारा घोडा मैदानात एकटाच असेल, तर तो आपल्या सोयीच्या चालीने आघाडी घेऊन शेवटपर्यंत टिकतो, पण तसे तीन घोडे असतील तर ते एकमेकांना थकवतात आणि मागून येणाऱ्याचे फावते.

इतका विचार करून काढलेल्या निष्कर्षाला भावाची कसोटी लावावी लागते, आणि सामान्य वाचकाच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते. भाव म्हणजे जिंकल्यास एका रुपयामागे मिळणारा नफा. सहा घोड्यांच्या एका शर्यतीत पहिल्याचा भाव एकास दीड, दुसऱ्याचा एकास तीन, तिसऱ्याचा एकास चार आणि उरलेल्या तिघांचा प्रत्येकी एकास नऊ असेल, तर या भावांत दडलेली जिंकण्याची शक्यता अनुक्रमे ४०, २५, २० आणि तीन वेळा १० टक्के भरते. त्यांची बेरीज ११५ होते आणि शंभराच्या वरचे हे १५ टक्के बुकीच्या पदरात पडावेत, अशी ती रचना असते. टोट या पद्धतीत बुकीऐवजी पैज लावणाऱ्या सर्वांचे पैसे एका ठिकाणी जमा होतात आणि क्लबचा वाटा वजा करून उरलेली रक्कम विजेत्यांत वाटली जाते. या पद्धतीचा पाया जोसेफ ओलर याने १८६७ साली पॅरिसमध्ये घातला. भाव लक्षात घेता, ४० टक्के शक्यता असलेला घोडा निवडणे बरोबर असले, तरी तो एकास एक भावाने घेणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो, आणि २० टक्के शक्यता असलेला घोडा एकास सहा भावाने घेणे शहाणपणाचे ठरते, मग तो पाचपैकी चार वेळा हरला तरी हरकत नसते. ज्याच्यावर सर्वाधिक पैसे लागतात, तो 'फेव्हरिट' घोडा ढोबळमानाने तीन शर्यतींपैकी एक जिंकतो, हा अनेक देशांतील दीर्घकाळचा अनुभव आहे. याचा अर्थ लोकमत बरेचसे बरोबर असते, पण त्याच्यामागे डोळे मिटून गेल्याने क्लबचा वाटा आणि कर भरून निघत नाहीत.

लोकमताहून थोडे अधिक अचूक होण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण हाँगकाँगचे आहे. तेथे विल्यम बेंटर या व्यावसायिक पैज लावणाऱ्या अमेरिकी माणसाने १९८०च्या दशकाच्या मध्यापासून अनेक घटकांची संगणकीय प्रतिकृती उभारली आणि १९९४ साली आपली पद्धत एका लेखात मांडली. तिच्यातील लक्षात घेण्याजोगा भाग असा की, स्वतःच्या गणिताबरोबर बाजारातील भावही प्रतिकृतीत मिसळल्यावर तिचा अंदाज सुधारला, कारण लोकांना ठाऊक असलेले बरेच काही कोणत्याही तक्त्यात नसते. भारतात असा खटाटोप करणाऱ्यापुढे कराचा अडसर मोठा आहे. ऑक्टोबर २०२३पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता आणि २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला आहे, त्यामुळे शर्यतीचा अभ्यास बुद्धीची करमणूक म्हणून कितीही रंजक असला, तरी उपजीविकेचे साधन म्हणून त्याच्याकडे पाहणे अव्यवहार्य आहे.

म्हणून चांगल्या अंदाजाची पारख त्यातील नावांवरून होत नाही, नावापुढे दिलेल्या कारणांवरून होते. वजन कमी झाले, अंतर सोयीचे आहे, मागच्या वेळी वाट अडली होती, असे कारण लिहिलेले असेल, तर घोडा हरला तरी सोमवारी वाचकाला ते कारण तपासता येते. कारणच दिले नसेल, तर जिंकलेल्या घोड्यापासूनही काही शिकता येत नाही. त्याच सोमवारी हँडिकॅपरही रविवारचे निकाल समोर घेऊन बसलेला असतो आणि ज्या घोड्याबद्दल वार्ताहराचा अंदाज खरा ठरला, त्याच्या पाठीवर तो पुढच्या वेळेसाठी आणखी दोन-तीन किलो चढवतो.