इथ० म्हणजे नक्की कुठलं कार्ड?

दापोड्याच्या गोदामांत सकाळी ज्याचं शटर आधी उघडेल तो गाळा नंबर एक, असं ठरवलं तर ट्रक कुठे लावायचा? लिनक्सचा कर्नल नेटवर्क कार्डांना अशीच नावं देतो: आधी सापडलं ते इथ०, मग इथ१. तुमच्या लॅबमध्ये एका कार्डावर उपकरण आणि दुसऱ्यावर इंटरनेट असेल, अन् रिबूटनंतर नावं उलटली, तर फायरवॉलचे नियम भलत्याच कार्डाला लागतात. एररसुद्धा येत नाही!

म्हणून २०१३ पासून सिस्टमडी कार्डाच्या जागेवरून नाव देतं. ईएनपी३एस० म्हणजे पीसीआय बस ३, स्लॉट ०. पण नवं कार्ड बसवलं की बसचे आकडे सरकू शकतात. त्यापेक्षा नाव मॅक पत्त्यालाच बांधा. 'आयपी लिंक' कमांडने पत्ता बघा. 'ईटीसी'तल्या 'सिस्टमडी/नेटवर्क' फोल्डरमध्ये प्रत्येक कार्डासाठी 'डॉट लिंक' फाइल करा. त्यात 'मॅच'खाली मॅक पत्ता, 'लिंक'खाली नाव. फाइलच्या नावाची सुरुवात १० ने करा, कारण क्रमाने पहिली जुळणारी फाइलच लागू होते. कार्डाला इथ० मात्र म्हणू नका, कर्नलच्या नावाशी टक्कर होते. 'लॅब०', 'नेट०' असं कामावरून ठेवा, आणि फायरवॉलमध्येही तेच लिहा. डेबियन किंवा उबुंटू असेल तर इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करून मगच रिबूट करा.