एका पायाची सूज

पाय सुजला की आपल्या घरांतून पहिले निदान शेजारीच करतात. "वात असेल हो!" असे म्हणून कुणीतरी कोमट तेलाची वाटी पुढे करते. नांदेडला माझ्या मामींच्या बाबतीत तेच झाले. जठराच्या कर्करोगावर त्यांचे उपचार चालू होते. अशात डावी पोटरी सुजली, ठणकू लागली. उजवी होती तशीच! शेजारणीने तेल आणले, पण मामा म्हणाले, "थांबा वहिनी, आधी डॉक्टरांना विचारू."

पूर्वी या रोगासाठी परळचे, १९४१ साली उघडलेले टाटा रुग्णालय गाठावे लागे. आता लातुरातही उपचार होतात. तेथे सोनोग्राफीत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली.

"रोग पोटात नि गुठळी पायात, हे कसं?" मामांनी विचारले. डॉक्टरांनी जे समजावले, ते वाचकांनीही जाणून घेण्याजोगे आहे.

रक्तवाहिनीबाहेरच्या पेशींवर 'टिश्यू फॅक्टर' नावाचे एक प्रथिन असते. एरवी रक्ताचा त्याच्याशी संबंध येत नाही. जखम झाली की येतो. मग थ्राँबिन तयार होते, फायब्रिनचे धागे विणले जातात आणि रक्त गोठते. कर्करोगाच्या पुष्कळ पेशी हेच प्रथिन अंगावर बाळगतात, त्याचे सूक्ष्म कण रक्तात सोडतात. म्हणजे जखम नसताना जखमेची वर्दी! त्यात शस्त्रक्रिया, काही औषधे आणि अंथरुणाला खिळणे यांची भर. स्वादुपिंड, जठर व मेंदू यांच्या कर्करोगात हा धोका विशेष.

पॅरिसच्या आर्माँ त्रूसो या वैद्याने हा संबंध १८६५ साली व्याख्यानात मांडला. पुढे १८६७ मध्ये त्याच्याच हाताच्या शिरेत गुठळी झाली. तिचा अर्थ त्याने तत्काळ ओळखला. त्याच वर्षी तो जठराच्या कर्करोगाने वारला.

आज मात्र इलाज आहे. हेपॅरिनच्या जातीची इंजेक्शने किंवा गोळ्या गुठळी वाढू देत नाहीत. मामींना ती लागू पडली. महिन्याभरात त्या अंगणात फिरू लागल्या. मूळ रोगाशी त्यांची झुंज अजून चालू आहे.

घरात असा रुग्ण असेल, तर एकाच पायाची सूज वा पोटरीचे दुखणे अंगावर काढू नका. पाय चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर घटकाभरही न थांबता रुग्णालय गाठा. तेलाची वाटी अभ्यंगस्नानासाठी राहू द्या!