प्रोसेसरची वाढविलेली गती आणि पडद्यावरील दृश्य-परिणामांचा लोप : कारणमीमांसा व दोषशोधन

संगणकाचा प्रोसेसर निर्मात्याने नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने चालविणे, यास ‘ओव्हरक्लॉकिंग’ अशी संज्ञा आहे. असा प्रयोग केल्यावर पुष्कळदा एक चमत्कारिक अनुभव येतो. संगणक सुरू होतो, लेखन-वाचनाची कामे पूर्ववत चालतात; परंतु खिडक्यांच्या कडांची सावली, त्यांची पारदर्शकता, उघडता-मिटतानाची संथ हालचाल हे सारे नाहीसे झालेले असते. त्याहून नवल असे की, गती पूर्वपदावर आणली तरी गेलेले परिणाम परत येत नाहीत. साहजिकच, दोष प्रोसेसरचा नसून ग्राफिक्स कार्डाचा आहे असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. तो का चुकतो आणि दोषाचे मूळ कोणत्या क्रमाने शोधावे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम दृश्य-परिणाम कसे घडतात ते पाहू जाता असे दिसते की, आधुनिक प्रणालीत कोणतीही खिडकी थेट पडद्यावर रेखाटली जात नाही. प्रत्येक खिडकीचे चित्र स्मृतीत स्वतंत्रपणे तयार होते आणि ‘संयोजक’ नावाचा कार्यक्रम ही सर्व चित्रे ग्राफिक्स कार्डाच्या साहाय्याने एकत्र जुळवून पडद्यावर धाडतो. पडदा सेकंदास ६० वेळा नवा होत असेल, तर एका जुळणीस सुमारे १६.७ मिलिसेकंदांचाच अवधी मिळतो. या कामात प्रोसेसर, स्मृती, त्यांना जोडणारी वाहिनी आणि ग्राफिक्स कार्ड ही चौघेही अखंड गुंतलेली असतात. यांपैकी एकही डळमळले की त्याची पहिली खूण येथे उमटण्याचा संभव असतो.

आता वाढविलेल्या गतीचा परिणाम पाहावा. १०० मेगाहर्ट्झ ही मूळ स्पंदगती व ३५ हा गुणक धरल्यास प्रोसेसरची गती ३.५ गिगाहर्ट्झ होते, आणि प्रत्येक स्पंदास सुमारे ०.२९ नॅनोसेकंद मिळतात. गुणक ४२ केला की हा अवधी ०.२४ नॅनोसेकंदांवर येतो. एखाद्या विद्युत्-संकेतास आपल्या मार्गाच्या शेवटी पोहोचण्यास ०.२५ नॅनोसेकंद लागत असतील, तर तो पोहोचण्यापूर्वीच पुढील स्पंद सुरू होतो आणि चुकीचे मूल्य नोंदले जाते. यावर उपाय म्हणून विद्युद्दाब वाढवितात. परंतु खर्च होणारी शक्ती ही गतीच्या आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती २० टक्के व दाब १० टक्के वाढविल्यास शक्ती सुमारे ४५ टक्के वाढते, आणि ती सारी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

या ठिकाणी स्थानिक हवामानाचा विचार अप्रस्तुत ठरणार नाही. पंख्याने थंड होणारा प्रोसेसर खोलीतील हवेपेक्षा कधीही थंड होऊ शकत नाही. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पश्चिमेस समुद्र असलेल्या वसई-विरारच्या पट्ट्यात हवा दमट व खारी असते. धूळ अशा हवेत शीतकाच्या पात्यांना सहज चिकटते आणि उष्णतेचा मार्ग अडविते. जानेवारीच्या रात्री खोलीचे तापमान २४ अंश असताना सुरळीत चाललेला संगणक मे महिन्याच्या दुपारी ३४ अंशांत डळमळला, तर त्यात आश्चर्य नाही. प्रोसेसरही साधारण तितकाच, म्हणजे दहा अंशांनी, अधिक तापलेला असतो. यास्तव एका ऋतूत घेतलेली कसोटी दुसऱ्या ऋतूस पुरेशी मानू नये.

प्रोसेसरचा दोष ग्राफिक्सपर्यंत पोहोचण्याचे मार्गही ध्यानात घ्यावे लागतात. २०११ साली आलेल्या इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या ‘कोअर’ प्रोसेसरांत ग्राफिक्स कार्डाची पीसीआय एक्सप्रेस वाहिनी त्याच मूळ स्पंदगतीवर चालत असे. गुणकाऐवजी मूळ गतीच १०० वरून १०५ केली, तर वाहिनीही पाच टक्के वेगाने धावू लागे आणि कार्डाशी होणारा संवाद बिघडे. २०१५ च्या ‘स्कायलेक’ पिढीत ही सांगड सोडविण्यात आली. जेथे ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असते, तेथे तर उष्णता, शक्ती आणि स्मृती ही तिन्ही सामाईक असतात.

गती पूर्ववत केल्यावरही परिणाम परत का येत नाहीत, याचे उत्तर यंत्रात नसून प्रणालीत आहे. उदाहरणार्थ, लिनक्सवरील केडीई प्लाझ्माच्या पाचव्या आवृत्तीत ‘केविन’ हा संयोजक ओपनजीएल सुरू करताना कोसळला, तर ‘ओपनजीएल असुरक्षित’ अशी नोंद आपल्या फायलीत करून ठेवी आणि पुढे त्या वाटेस जाणे टाळी. कारण नष्ट झाले तरी ही नोंद पुसली जात नसे. वापरणाऱ्याने ती स्वतः काढावी लागे. विंडोजमध्ये ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही, तर प्रणाली त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करते व घटनानोंदीत तसे लिहिते.

दोषशोधनाचा क्रम यावरून ठरतो. सर्वप्रथम बायॉसमधील सर्व मूल्ये मूळ स्थितीस आणावीत. स्मृतीची ‘एक्सएमपी’ ही जलद योजनाही बंद करावी, कारण तीही बहुधा प्रमाणगतीच्या पलीकडची असते. त्यानंतर शीतक स्वच्छ करून तापमान पाहावे. मग मेमटेस्टने स्मृती आणि प्राइम९५ ने प्रोसेसर तपासावा. प्राइम९५ आपली उत्तरे पूर्वज्ञात उत्तरांशी ताडून पाहते, हे तिचे वैशिष्ट्य होय. या कसोट्या उतरल्यावरच संयोजकाची जुनी नोंद पुसावी. तरीही परिणाम न आल्यास चित्रण कोण करीत आहे ते पाहावे. लिनक्समध्ये तेथे ‘एलएलव्हीएमपाइप’ हे नाव दिसले, तर चित्रणाचा भार प्रोसेसरच वाहत आहे आणि ड्रायव्हर पुन्हा बसविणे आवश्यक आहे, असे समजावे. गती पुन्हा वाढवावयाची झाल्यास एका वेळी एकच मूल्य बदलावे व ते लिहून ठेवावे.

हा क्रम उलटा करण्याचा मोह मोठा असतो. नोंद आधी पुसली की सावल्या परत येतात आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. परंतु संशोधक विद्यार्थ्याच्या दृष्टीने खरा धोका येथेच आहे. रात्रभर चालणारे गणित लवकर आटोपावे म्हणून त्याने घरच्या संगणकाची गती वाढविलेली असते. घरगुती संगणकांत दोषनिवारक स्मृती सहसा नसते; बेरजेत एखादा अंक चुकला तर यंत्र थांबत नाही, कोणती सूचनाही देत नाही. चुकलेले उत्तर कोष्टकात जाते आणि कोष्टकातून प्रबंधात. संयोजक निदान कोसळून आपले अपयश जाहीर करतो. गणित तसे करीत नाही. म्हणून दृश्य-परिणाम गेलेले आढळताच त्या काळात त्याच यंत्रावर केलेली सर्व गणिते संशयित मानावीत आणि मूळ गतीवर पुन्हा करून ताडून पाहावीत. पडद्यावरील सावली परत आणणे हे काही मिनिटांचे काम आहे. त्या कोष्टकांवरील विश्वास फेरगणनेवाचून परत मिळत नाही.