पुराव्याचे ओझे कोणाच्या शिरावर?

परकीयांचा बेकायदा प्रवेश रोखणे हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि हा अधिकार बजावताना स्वतःच्याच नागरिकाला परका ठरवून स्थानबद्ध करणे वा सीमेपलीकडे लोटणे, हा त्या अधिकाराचा पराभव होय.

हा धोका काल्पनिक नाही. तीस वर्षे लष्करात सेवा करून निवृत्त झालेल्या आसाममधील एका अधिकाऱ्यास मे २०१९ मध्ये परकीय ठरवून गोलपाऱ्याच्या स्थानबद्धता केंद्रात ठेवण्यात आले. जूनमध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा तो बाहेर आला. जून २०२५ मध्ये तर मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशच्या हद्दीत लोटण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे त्या राज्याने दाखवून दिल्यावर परत आणावे लागले.

याचे मूळ कायद्यातच आहे. एरवी आरोप करणाराने तो सिद्ध करावा, हा न्यायाचा दंडक. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने तो उलटा केला. आसामपुरता १९८३ च्या कायद्याने हा भार आरोप करणाऱ्या पक्षाकडे गेला होता. परंतु तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द ठरविला. जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यातही हे ओझे व्यक्तीवरच आहे.

हे ओझे सर्वांना सारखे पेलवत नाही. पुरात वाहून गेलेले कागद, मतदारयादीत बदललेले नावाचे स्पेलिंग, लग्नानंतर गाव बदलल्याने पित्याशी नाते सिद्ध न करू शकणारी स्त्री, या अडचणी मुख्यतः गरिबांच्याच. एकेका दाखल्यापायी रोजंदारी बुडते, वकिलाच्या फीपायी गुरे विकावी लागतात. उलट, चूक झाली तर सरकारला काहीच मोजावे लागत नाही. ज्या चुकीची किंमत चूक करणाराला पडत नाही ती पुनःपुन्हा होते, हा व्यवहाराचा साधा नियम आहे.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, निव्वळ संशयावरून कोणास परकीय म्हणता येणार नाही. आरोपामागे काही आधार हवा आणि तो त्या व्यक्तीस कळविला पाहिजे. ज्याच्या बाबतीत हा निकाल लागला, त्याला न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये एकतर्फी परकीय ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला भारतीय घोषित केले, तेव्हा तो हयात नव्हता!

म्हणून काही संरक्षणे कायद्यातच लिहिली गेली पाहिजेत. नोटिशीसोबत आरोपाचा आधार द्यावा. मोफत वकील मिळावा. राज्यघटनेच्या ३९-अ अनुच्छेदाची हीच भावना आहे. एकतर्फी निकालांची फेरतपासणी व्हावी. अपिलाची मुदत संपण्यापूर्वी कोणासही सीमेपलीकडे पाठवू नये. आणि चूक सिद्ध झाल्यास सरकारने भरपाई द्यावी. बेकायदा कैदेबद्दल भरपाई देण्याचा पायंडा सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या रुदुल साह खटल्यातच घातला आहे.

यामुळे घुसखोरांना अभय मिळेल, असा आक्षेप घेतला जाईल. वस्तुतः काटेकोर चौकशीत खरा घुसखोर सुटत नाही. सुटतो तो निरपराध. नागरिकत्व हे सरकारने केलेले उपकार नव्हेत, आणि ते हिरावून घ्यायचे तर सिद्धतेची जबाबदारीही सरकारनेच उचलली पाहिजे.