लुगड्याचा काठ कुठे टेकतो?

दर वर्षी 12 जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजात नऊवारी नेसलेल्या लेकीबाळींची दाटी होते. चित्रकलेच्या वहीत जिजाऊ काढायला बसलेल्या मुलांना मात्र चेहऱ्यापेक्षा लुगडंच जास्त छळतं. मुलं आधी चुण्या काढतात आणि माणूस मागाहून त्यात कोंबतात. क्रम उलटा हवा.

आधी पाय, गुडघे, कंबर पेन्सिलीने हलकेच काढून घ्या. मग कापड कुठे अडकलंय ते शोधा. नऊवारीत अशा जागा मोजक्या: कमरेची गाठ, पोटाशी खोचलेल्या निऱ्या, मागचा कासोटा आणि पदराचा खांदा. बहुतेक चुण्या यांतूनच निघतात. खोचलेल्या जागी रेघा दाट, खाली जाताना विरळ. सैल सोडलेल्या पदराला झोळ येतो. वाकलेल्या गुडघ्यामागे आखूड, तुटक वळ्या पडतात. जाडंभरडं सुती कापड थोड्या, गोलसर घड्या घालतं. रेशमाच्या घडीला धार असते. काठ सगळ्यात शेवटी. तो पट्टी लावून ओढला की चित्र फसलंच, कारण काठ प्रत्येक घडीबरोबर आत-बाहेर वळतो.

आणि माणसाचा दर्जा कळतो तो या काठावरूनच. जिला दिवसभर वाकायचं नाही, तिचा काठ पावलांवर लोळला तरी चालतं. खामगावकडच्या शिवारात कापूस वेचणारी बाई बघा: साडी वर खोचलेली, तिच्यावर घरातल्या पुरुषाचा जुना फुल शर्ट, कमरेला कापूस टाकायला बांधलेलं फडकं. पदर शर्टाखाली दडल्यामुळे खांद्यावरची ती देखणी रेघ उरतच नाही. हौसेने घातलीत, तर बाई वेचणीवरची वाटणार नाही.

पण जितकं कापड जास्त तितका माणूस मोठा, असं सरसकट धरून चालू नका. बुलढाणा ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत आहे, तिथलीच लेणी पाहा. पाचव्या शतकातल्या त्या चित्रांत राजे-राण्यांच्या अंगावर झिरझिरीत, न शिवलेली वस्त्रं आहेत. बाह्यांचे शिवलेले अंगरखे बरेचदा सेवकांच्या आणि परदेशी माणसांच्या अंगावर. कापडाचा तलमपणाही चुण्यांपेक्षा मांडीच्या गोलाईबरोबर वळणाऱ्या पट्ट्यांतून कळतो.

काठाची उंची नेहमी कामावरूनच ठरत असे, असंही नाही. कित्येकदा ती जातीने लादलेली असे. डिसेंबर 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं, की आखूड लुगड्यासारख्या, अस्पृश्य म्हणून ओळख पटवणाऱ्या रीती सोडा. त्यानंतर तिथेच बायका घोट्यापर्यंत लुगडं नेसून आल्या. तेव्हा महाडचा प्रसंग रंगवायला घ्याल, तर तो भाषणाआधीचा की नंतरचा हे पक्कं करा, आणि मगच काठाची रेघ ओढा.