आधी सही, मग चौकशी

वरळी कोळीवाड्यातल्या क्लीव्हलँड बंदरावर संध्याकाळी उभे राहिले, की समोर वांद्र्याकडे जाणारा सागरी सेतू दिसतो आणि त्याला दक्षिणेकडून येऊन मिळणारा किनारी रस्त्याचा पूलही दिसतो. कोळ्यांच्या होड्यांना समुद्रावर जायचे तर या पुलांच्या खांबांमधून वाट काढावी लागते. काही दिवसांपूर्वी तिथे गेलो होतो. जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका वृद्ध नाखवांना विचारले, "नाखवा, साठ मीटरची वाट पुरली नसती का हो?" त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "साहेब, होडी काय रेल्वे हाय, रुळावरून सरळ जायाला? वारा ढकलतो, लाट ढकलते. वारा काय नकाशा बघून वाहतो?"

किनारी रस्त्याच्या मूळ आराखड्यात या ठिकाणी दोन खांबांमधले अंतर साठ मीटर होते. ते अपुरे आहे, होड्या खांबांवर आपटतील, असे कोळी सांगत होते. त्यांनी निवेदने दिली, मोर्चे काढले, समुद्रात होड्या घालून काम अडवले. शेवटी २०२२ सालच्या अखेरीस एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. तोपर्यंत काम सुरू होऊन चार वर्षे झाली होती. जो प्रश्न आराखड्याच्या पहिल्या दिवशी बंदरावर येऊन विचारता आला असता, त्याचे उत्तर शहराने चार वर्षांनी ऐकले.

मी हयातभर बँकेत कर्जप्रस्ताव तपासण्याचे काम केले. त्यामुळे कुठल्याही प्रकल्पाची बातमी वाचली, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा : याची तपासणी कुणी केली, आणि कधी? पर्यावरणाच्या बाबतीत ही तपासणी आपल्याकडे कशी होते हे गेली काही वर्षे मी हौसेने वाचतो आहे. वाचताना वारंवार माझी जुनी शाखा आठवते.

भोपाळची वायुदुर्घटना १९८४ ची. त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्या कायद्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाची, म्हणजे ज्याला सगळे 'ईआयए' म्हणतात त्याची, पहिली अधिसूचना निघाली. १९९७ मध्ये जनसुनावणी सक्तीची झाली. आज चालते ती पद्धत मुख्यतः १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेची. तिच्यात चार पायऱ्या आहेत. प्रकल्पाला मूल्यमापन लागते का हे आधी ठरवायचे. मग कशाकशाचा अभ्यास करायचा ते ठरवायचे. मग लोकांचे म्हणणे ऐकायचे आणि शेवटी तज्ज्ञ समितीने सगळे तपासून शिफारस करायची. मोठे प्रकल्प दिल्लीला जातात, बाकीचे राज्याच्या प्राधिकरणाकडे. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. बँकेची कर्जपुस्तिकाही अशीच निर्दोष होती!

आता खोट पाहा. हा अभ्यास करणारा सल्लागार नेमतो कोण? प्रकल्पवालाच. त्याची फी देतो कोण? तोही प्रकल्पवालाच. सल्लागार मान्यताप्राप्त असावा लागतो हे खरे. पण आमच्याकडे गहाण जागेची किंमत ठरवणारा व्हॅल्युअरही मान्यताप्राप्तच असे. त्याची फी कर्जदाराच्या खात्यातून जाई, मात्र त्याला निवडायची बँक, आणि अहवाल यायचा थेट बँकेकडे. कर्जदाराने स्वतःच्या व्हॅल्युअरचा कागद आणला, तर आम्ही तो हसून बाजूला ठेवत असू. माणसे वाईट असतात म्हणून हा नियम नव्हता. ज्याच्या हातून पाकीट घ्यायचे त्याच्याविरुद्ध लिहिणे चांगल्या माणसालाही जड जाते, एवढे शहाणपण त्यात होते.

दुसरी गोष्ट जनसुनावणीची. मुंबईबाहेरच्या एका सुनावणीला मी कुतूहलाने जाऊन बसलो होतो. मांडव होता. व्यासपीठावर जिल्ह्याचे अधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी होते. पुढच्या चार रांगा एकसारख्या टोप्या घातलेल्या माणसांनी भरल्या होत्या. मागे गावकरी उभे. एक बाई उठली आणि तिने विचारले, "तुमच्या कारखान्याला पाणी कुठून येणार, आणि आमच्या विहिरीचं काय होणार?" व्यासपीठावरून उत्तर आले, "नोंद घेतली आहे." बाई म्हणाली, "नोंद नको, उत्तर द्या." पुन्हा तेच, "नोंद घेतली आहे." अभ्यासाचा मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत होता. गावाला मिळाला होता तो त्याचा मराठी सारांश. ज्याच्या विहिरीचा प्रश्न, त्याला सारांश. आणि ज्याला ते गाव नकाशावर शोधावे लागते, त्याच्यासाठी पूर्ण अहवाल! या अधिसूचनेच्या जागी आणायच्या नव्या मसुद्याचीही २०२० मध्ये हीच तऱ्हा झाली. तो इंग्रजी-हिंदीपुरता ठेवू नका, आठव्या परिशिष्टातल्या सर्व भाषांत द्या, हे दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी सांगावे लागले.

बरे, गावाला निदान मांडव तरी मिळतो. शहराच्या वाट्याला तोही क्वचित येतो. शहर म्हणजे मुख्यतः इमारती. वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते, पण २००६ च्या अधिसूचनेने बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले. रेल्वे आणि मेट्रो तर मंजुरीच्या यादीतच नाहीत. म्हणजे शेजारच्या भूखंडावर चाळीस मजले उठणार असतील, तर आपले पाणी, आपले गटार आणि आपल्या गल्लीतल्या गाड्या यांचा हिशेब एका समितीच्या बैठकीत होतो. आपल्याला कळते ते पत्र्याचे कुंपण लागल्यावर.

झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. महापालिकेचे वृक्ष प्राधिकरण त्याखाली काम करते आणि त्याचे अध्यक्ष असतात महापालिका आयुक्त. प्रकल्प जेव्हा महापालिकेचाच असतो, तेव्हा अर्जदार आणि तपासनीस एकाच इमारतीत बसतात. आरे वसाहतीतल्या मेट्रोच्या कारशेडचे प्रकरण आपल्याला आठवत असेलच. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तेव्हा दोन हजारांहून अधिक झाडे जमिनीवर होती. थांबवण्यासारखे फारसे उरले नव्हते.

किनारी रस्त्याचेही तसेच झाले. केंद्राने त्याला किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखाली २०१७ मध्ये परवानगी दिली. काम २०१८ मध्ये सुरू झाले. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णयप्रक्रियेतल्या गंभीर उणिवांवर बोट ठेवून ती परवानगी रद्द केली आणि २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी घ्यायला हवी होती, असे सांगितले. पण समुद्रात भराव पडू लागला होता. १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती देऊन रस्त्याचे काम करण्यास मुभा दिली. मार्च २०२४ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. रस्त्याची लांबी १०.५८ किलोमीटर आणि खर्च सुमारे १४ हजार कोटी. मीही त्यावरून जातो. मरीन लाइन्सला दहा-बारा मिनिटांत पोचलो की बरे वाटते, हे खोटे कशाला सांगू? रस्ता नको होता असे माझे म्हणणे नाही. तो कसा हवा, कुठून हवा, हे विचारण्याची वेळ आपण घालवली, एवढेच म्हणणे आहे.

बँकेत एक शब्द होता, 'कार्योत्तर मंजुरी'. शाखाधिकाऱ्याने अधिकाराबाहेर जाऊन पैसे देऊन टाकायचे आणि मग वरिष्ठ कार्यालयाला लिहायचे, कृपया मान्यता द्यावी. वरिष्ठ रागावत आणि मान्यता देत. कारण पैसे गेलेले असत, आता नाही म्हटले तर खातेच बुडायचे. हाच शब्द पर्यावरणाच्या कायद्यात भेटेल असे वाटले नव्हते. मंजुरीशिवाय उभ्या राहिलेल्या प्रकल्पांना मागाहून मंजुरी देण्याची सोय केंद्राने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये केली. मुंबईच्या 'वनशक्ती' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी ती बेकायदा ठरवली. सहाच महिन्यांनी, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. हजारो कोटींची बांधकामे पाडावी लागतील, हा मुद्दा त्यात मोठा होता. मुद्दा चुकीचा नाही. पण आमच्या वरिष्ठ कार्यालयाचा मुद्दाही कधी चुकीचा नसे. म्हणूनच शाखाधिकारी निर्धास्त असत.

हे सगळे मी सोवळ्यात बसून लिहितो आहे असे कुणी समजू नये. १९८८ साली कल्याणच्या पुढे एका शाखेत मी कर्जविभागात होतो. कापड रंगवण्याच्या एका छोट्या कारखान्याचा प्रस्ताव आला. मी जागेवर गेलो. यंत्रांची कोटेशने पाहिली, विजेचा भार पाहिला, ऑर्डरी पाहिल्या. शेडच्या मागे एक खड्डा होता, आणि खड्ड्यापलीकडच्या नाल्याचे पाणी जांभळे होते. मालक म्हणाला, "साहेब, पाणी शुद्ध करायचा प्लँट दुसऱ्या टप्प्यात घालतोय." तिमाही संपत आली होती आणि वरून दोनदा फोन येऊन गेला होता. माझ्या टिपणात मी लिहिले, 'सांडपाणी शुद्धीकरणाची व्यवस्था दुसऱ्या टप्प्यात प्रस्तावित', आणि खाली सही केली. कर्ज वेळेवर फिटले. एकही हप्ता चुकला नाही. बँकेच्या दृष्टीने ते आदर्श खाते होते. दुसरा टप्पा कधी आला नाही. माझी बदली होईपर्यंत खालच्या वाडीतल्या बायकांनी त्या नाल्यावर धुणे न्यायचे सोडले होते. ऑडिटमध्ये याबद्दल मला कुणी काही विचारले नाही, कारण तो रकानाच नव्हता.

म्हणून मला मंजुरीनंतरच्या तपासणीची अधिक काळजी वाटते. मंजुरी मिळाली की प्रकल्पवाल्याने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो. लिहायचा कुणी? त्यानेच. कर्जदारही दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट आणून देई. पण अधूनमधून आम्ही न कळवता गोदामावर जात असू आणि पोती मोजत असू. मोजणारा येतो हे ठाऊक असले, की कागदावरची पोती आपोआप खरी होतात. पर्यावरणाच्या अटींची पोती मोजायला माणसे फार थोडी. मंजुरीनंतरची देखरेख किती ढिली आहे, हे महालेखापरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात सविस्तर दाखवले आहे.

करायचे ते फार अवघड नाही. सल्लागार प्राधिकरणाने नेमावा, फी प्रकल्पवाल्याकडून आधी भरून घ्यावी. पूर्ण अहवाल मराठीत द्यावा. शहरातल्या मोठ्या बांधकामांनाही प्रभागात सुनावणी ठेवावी, आणि ती आराखडा पक्का होण्याआधी ठेवावी. अटी पाळल्या की नाही हे पाहायला न कळवता माणूस जावा. यातले एकही कलम मी शोधून काढलेले नाही. ठेवीदारांचे पैसे सांभाळण्यासाठी कुठलीही साधी बँक हेच करते. शहराचा समुद्र, झाडे आणि नाले याही ठेवीच आहेत. फक्त त्यांच्या ठेवीदारांच्या हातात पासबुक नाही.

निघताना नाखवांना विचारले, "आता वाट पुरते ना?" एक होडी खांबांच्या मधून आत येत होती. ती बंदराला लागेपर्यंत ते बघत राहिले. मग म्हणाले, "पुरवून घेतो. पन आदी इचारलं असतं, तर चार वर्सं भांडायला लागलं नसतं."