शनिवार पाळणाऱ्यांची विद्या

उज्जैन येथे १९५७ साली विक्रम विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हापासून माळव्यातील खेड्यापाड्यांची मुले क्षिप्रातीरी शिकावयास येत आहेत. मुलाचे सामान खोलीवर उतरवून परत फिरताना बापाच्या मनात फीची चिंता असते, तशी दुसरीही एक असते : येथे रविवारी ह्याला मिस्सेची आठवण कोण करून देईल? ही चिंता केवळ आमच्याच घरची, असे आम्ही समजत होतो. परंतु आमचीच मराठी बोलणाऱ्या एका चिमुकल्या समाजाने तिला आमच्या कितीतरी आधी तोंड दिलेले आहे. तो समाज म्हणजे कोकणातील बेने इस्राएल.

अलिबाग-पेण भागात हे यहुदी लोक तेल गाळीत व शब्बाथ पाळीत; म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. केहिम गावचे ते केहिमकर, राजपुरीचे ते राजपूरकर. घाणा सोडून ते मुंबईस आले, आणि मुलांच्या हाती इंग्रजी पुस्तके आली. आता मुलगा शिकेल, पण शनिवार विसरेल काय? जुन्या कराराची भाषा त्याला कोण शिकवील?

पहिले साहाय्य परक्या हातून आले. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले; धर्म मात्र बहुतेकांनी आपलाच ठेवला! पुढे मुंबई विद्यापीठात हिब्रूला परीक्षेच्या विषयाचे स्थान मिळाले. ही गोष्ट लहान वाटते, पण तिचे मोल मोठे आहे. जी भाषा मुलगा केवळ सभास्थानात ऐके, तिच्यातच त्याला आता गुण मिळू लागले. आजोबांची प्रार्थना आणि नातवाचा अभ्यास एका मेजावर आला. ह्याच समाजातील जोसेफ इझिकेल राजपूरकर विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले, आणि त्यांनी अनेक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले.

तरीही पाया घालावयास स्वतःची शाळा हवीच होती. हाईम सॅम्युएल केहिमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत ती काढली. पैसा समाजापाशी थोडाच होता. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशननेही हात दिला. माझगावची ही शाळा पुढे सर एली कदूरी ह्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली.

आम्हांस विशेष कौतुक वाटते ते रिबेका रूबेन ह्या बाईंचे. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या मुलींत पहिल्या आल्या. एवढ्या हुशार मुलीने कोठेही मान मिळविला असता. पण १९२२ पासून १९५० पर्यंत त्या ह्याच शाळेच्या मुख्याध्यापिका राहिल्या. मुलांसाठी क्रमिक पुस्तके लिहिली आणि समाजाचे वार्षिकही संपादिले. मुलींना कॉलेजात पाठवावे की नाही ह्यावर आमच्या गावांत अजून घरोघरी वाद होतात, म्हणून हे थोडे विस्ताराने सांगितले.

ह्या मुलांना इतरांच्या शाळा-कॉलेजांपासून दूर ठेवले गेले असे मात्र नाही. कवी निसीम इझिकेल मुंबईच्या कॅथलिक अँटोनियो डिसोझा हायस्कुलात शिकले व नंतर विल्सन कॉलेजात गेले; त्याच कॉलेजात त्यांचे वडील शिकवीत असत.

परदेशांतही हाच विचार दिसतो. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात १८९३ साली कॅथलिक विद्यार्थ्यांचा पहिला न्यूमन क्लब निघाला. ज्यू विद्यार्थ्यांसाठी इलिनॉय विद्यापीठात १९२३ साली 'हिलेल' सुरू झाले. शुक्रवारचे जेवण, प्रार्थना आणि कार्यक्रमांची जबाबदारी विद्यार्थ्यांच्याच अंगावर : पुढारी घडतो तो अशाच कामांतून. आपल्या देशात १९२४ पासून कॅथलिक विद्यार्थ्यांचा अखिल भारतीय संघ आहे. तो आमच्या किती मुलांना ठाऊक आहे, हे ज्याने त्याने घरी विचारून पाहावे.

१९४८ नंतर बेने इस्राएलांची बहुतेक कुटुंबे इस्राएलास गेली. आज भारतातील सारे ज्यू मिळून जेमतेम चार-पाच हजार भरतील. मुंबईत उरलेले तरुण सणासुदीस एकत्र येतात. माझगावची शाळा अजून आहे. तिच्या बाकांवर आता बहुतेक इतर धर्मीयांची मुले बसतात.